कपडे झटकणारी

४ फेब्रुवारी

आलो बाबा एकदाचे! ट्रकवाल्याने दोनदा रस्ता चुकून आम्हाला सगळ्या गावाचं दर्शन घडवलं, हिची एक उशी वाटेत कुठेतरी उडून गेली आणि स्टोव्हचा एक पाय मोडला. पण घर बघितलं आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला. पुढे बसायची खोली, मागे झोपायची, बाजूला चिंचोळं स्वयंपाकघर आणि मागच्या दाराशी अंगण. अंगणात नळ, नळापाशी धुण्याचा दगड आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तार. हिला सातवा महिना चालू आहे, ओझं उचलायची सक्त मनाई. त्यामुळे ही खुर्चीत बसून मला हुकूम सोडत होती आणि मी एकच कपाट चार ठिकाणी लावून पाहिलं. शेवटी ते पहिल्याच जागी राहिलं.

माझे सासरे लग्नातच म्हणाले होते, की जावई सर्कशीचे तंबू शिवतो, म्हणजे पोरीच्या डोक्यावर छप्पर असेल खरं, पण ते दर महिन्याला दुसऱ्या गावात असेल. आता त्यांना कळवायला हवं, की आम्हाला पक्क्या भिंतींचं घर मिळालंय आणि ते जागचं हलत नाही.

आमच्या रांगेत अशी बरीच घरं आहेत, सगळ्यांची पाठ जुन्या कारखान्याला. वाफेच्या पाइपांवर चढवायचं अस्तर इथे बनायचं. कारखाना बंद पडून जमाना झाला. आता तो पाडून तिथे दुसरं काही बांधायचंय, पण पाडण्याआधी आतला अ‍ॅस्बेस्टॉस काढावा लागतो. ते आमचं काम. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मला आणलंय ते शिवणीसाठी.

७ फेब्रुवारी

कामाची ओळख झाली. आमच्या साहेबांना सगळे मास्तर म्हणतात. ते कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते, पण त्यांना काहीही विचारलं की ते पार पहिल्यापासून सांगायला लागतात. आज मी चहा कुठे मिळतो विचारलं, तर हवेचा दाब म्हणजे काय इथपासून सुरुवात झाली.

पण माणूस डोकेबाज आहे. त्यांनी एक तंबू शोधून काढलाय. छत्रीसारखा उघडतो, खोलीच्या आत खोली उभी राहते. पूर्वी लाकडी सांगाडा ठोकून त्यावर प्लास्टिक चढवायला दोन दिवस जायचे, आता सकाळचा चहा गार व्हायच्या आत तंबू तयार. फक्त शिवणी फाटायच्या. ताण कुठे येतो हे मास्तरांना कागदावर कळतं, मला बोटांना कळतं. मी दुहेरी दुमड घालून शिवलं, वरून पट्टी चिकटवली. मास्तरांनी माझी पाठ थोपटली आणि अर्धा तास ताणाबद्दल सांगितलं.

अ‍ॅस्बेस्टॉसचा गुण असा, की तो जळत नाही, कुजत नाही, आणि त्याचे तंतू इतके बारीक, की उडाले तर दिसत नाहीत. छातीत गेले की तिथेच मुक्काम. वीस वर्षं, तीस वर्षं गप्प बसतात आणि मग हिशेब चुकता करतात. म्हणून तंबूला एक मोठा पंखा लावलेला असतो. तो आतली हवा ओढून, गाळणीतून गाळून बाहेर सोडतो. त्यामुळे तंबूला कुठे भोक पडलं तरी बाहेरची हवा आत शिरते, आतली धूळ बाहेर येत नाही. पंखा चालू असला की तंबूच्या भिंतींचं पोट आत जातं. मास्तर येता-जाता भिंतीवर थाप मारून बघतात. पोट आत, म्हणजे सगळं ठीक. मलाही ती सवय लागली.

बाहेर यायला तीन छोट्या खोल्या. पहिलीत अंगावरचा कागदी सूट काढून लाल पिशवीत टाकायचा, दुसरीत अंघोळ करायची आणि मास्क सगळ्यात शेवटी उतरवायचा, तिसरीत आपले घरचे कपडे घालायचे. तंबूत गेलेली कुठलीही वस्तू घरी न्यायची नाही, रुमालसुद्धा नाही. माझा जोडीदार लंबू (उंची एवढी, की दरवेळी तंबूचा बांबू त्याच्या कपाळाची विचारपूस करतो) मला म्हणाला, की घरी जाताना फक्त स्वतःला न्यायचं, तेही धुऊन.

९ फेब्रुवारी

शेजारी एक आजोबा राहतात. आमच्याशिवाय रांगेत तेवढंच उघडं दार. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात आणि श्वास मोजून घेतात. कारखान्यात होते, तरुणपणापासून. मी नव्या कामाबद्दल सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न हा केला, की तुमचे कपडे कोण धुतं. मी म्हटलं, कोणीच नाही, आम्ही फेकून देतो. यावर आजोबा हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले आणि खोकता खोकता रडायला. मला कुठे बघावं कळेना.

मग सावकाश सांगितलं. ते संध्याकाळी घरी यायचे ते नखशिखांत पांढरे होऊन. बायको मागच्या अंगणात त्यांचे कपडे आधी जोरजोरात झटकायची, मग धुवायची. तिला निगुतीने काम करायची सवय होती, झटकून घेतलं की साबण कमी लागतो म्हणायची. अंगण पिठाची गिरणी चालल्यासारखं व्हायचं. कारखान्यात सगळा जन्म त्यांनी काढला आणि छाती तिची गेली. ते अजून खुर्चीत आहेत. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

हे हिला सांगितलं नाही. अशा दिवसांत असलं काही कशाला कानावर घालायचं?

१३ फेब्रुवारी

आज मोठ्या हॉलमध्ये तंबू लावला. मी आणि लंबू आत, पाइपांवरचं अस्तर भिजवून हळूहळू सोलत होतो. भर दुपारची वेळ, वरच्या खिडक्यांतून छान ऊन येत होतं. आणि प्लास्टिकच्या पलीकडून आवाज आला. फट्. थोडं थांबून पुन्हा फट्.

मी लंबूकडे बघितलं. तो म्हणाला, पंख्याची नळी आपटत असेल. मी आयुष्यभर कापडाच्या सहवासात राहिलोय. तंबूचं कापड वाऱ्यावर कसं वाजतं, प्लास्टिक कसं वाजतं, ताडपत्री कशी वाजते, हे मला झोपेतून उठवून विचारा. हा आवाज नळीचा नव्हता. सुती कापड, कोरडं, दोन्ही हातांत धरून झटकलेलं. बाहेर आल्यावर बघितलं, हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. पंखा नीट चालू होता.

१५ फेब्रुवारी

गंमत झाली. तिसऱ्या खोलीत मी माझा शर्ट खुंटीला टांगतो. आज अंघोळ करून आलो तर शर्ट बाकावर घडी घालून ठेवलेला. बाह्या आत मुडपून, कॉलर सरळ करून, वर हात फिरवून इस्त्रीसारखी केलेली घडी. माझ्या घड्या कशा असतात ते हिला विचारा. लंबूच्या त्याहून वाईट.

मी लंबूची टर उडवली, की बाबा रे, माझी सेवा का चालवलीयस, काही हवंय का? त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, तो शर्ट घालू नकोस, लाल पिशवीत टाक. मी म्हटलं, मग उघडा घरी जाऊ का? शर्ट घातला आणि घरी आलो.

रात्री ही म्हणाली, की कॉलरला पीठ लागलंय.

१७ फेब्रुवारी

ही इथे रमली, हे बरं झालं. मला वाटत होतं, दिवसभर एकटी कंटाळेल. पण आज सांगत होती, की दुपारी एक आजी येतात. मागच्या दाराने येतात, पटकन बोलत नाहीत, पण मायाळू आहेत. कालही हिने धुणं हातात घेतलं, तर हिला बाजूला सारून म्हणाल्या, पोरी, तू वाकू नकोस, मी झटकून देते. आमच्या ह्यांचेही असेच मळायचे.

मी म्हटलं, चांगलं आहे, गप्पा मारायला कोणीतरी मिळालं. आणि जेवायला बसलो. पहिला घास हातात होता, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की या रांगेत कुठलीच आजी राहत नाही.

हिला विचारलं, दिसतात कशा. ही म्हणाली, बारीक चणीच्या. आणि भुवयांना सारखं पीठ लागलेलं असतं, पण मोठ्या माणसाला सांगायचं कसं?

घास गिळला. काय करणार? ही समोर बसून माझ्याकडे बघत होती.

१९ फेब्रुवारी

दुपारी मास्तरांना सांगून घरी आलो. सकाळपासून मन थाऱ्यावर नव्हतं.

मागच्या अंगणात तारेवर आमचे सूट वाळत होते. कागदी सूट. लंबूचा, माझा, मागच्या आठवड्यातले सगळे. जे आम्ही स्वतः लाल पिशवीत कोंबून, पिशवीचं तोंड पिळून, वर पट्टी चिकटवून ट्रकमध्ये चढवले होते, ते. धुतलेले, पाणी निथळणारे, खांद्याला चिमटे लावून टांगलेले. वाऱ्याने त्यांची पोटं फुगत होती. दगडाभोवती सगळी जमीन पांढरी झाली होती.

ही उंबऱ्यात उभी होती. मला बघून कौतुकाने म्हणाली, की बघा, आजींनी सगळे धुऊन दिले, तुम्ही म्हणे फेकून देता!

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा हिच्यावर ओरडलो. आत हो म्हणालो, तोंडाला पदर लाव, सामान बांध, आत्ता निघायचं. ही घाबरून आत वळली आणि दाराला धरून खाली बसली. रक्त जायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. बाळ ठीक आहे, पण हिने अंथरुणावरून उठायचं नाही, प्रवास तर नाहीच. रिक्षाचा एक धक्काही महागात पडेल म्हणाल्या. निदान तीन आठवडे.

चूक माझी. ओरडायला नको होतं.

२० फेब्रुवारी

मास्क आणि सूट चढवून अंगण भिजवलं, ते सूट पुन्हा पिशवीत भरले, दगड पुसून घेतला. मग शेजारी गेलो आणि आजोबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, वेडा म्हणतील. तसं म्हणाले असते तर किती बरं झालं असतं!

आजोबांनी माझा हात धरला. ती खोकते का अजून, असं विचारलं. नंतर म्हणाले, माझ्याकडे का नाही येत? आणि उत्तरही त्यांनीच दिलं. माझ्याकडे मळके कपडे कुठे आहेत आता!

मी विनवलं, की तिला सांगा, आमच्याकडे येऊ नको. म्हणाले, ती वाईट बाई नाही रे. तिला वाटतं, ती मदत करते. तिला कोणी कधी सांगितलंच नाही, की ती कशाने गेली. आम्हालाही कुठे ठाऊक होतं तेव्हा.

काम सोडलंय. मळके कपडे घरी यायचा प्रश्नच नको.

२१ फेब्रुवारी

कामावर हवा मोजणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या हातापाया पडलो. त्यांनी छोटा पंप आणून आमच्या बसायच्या खोलीत ठेवला, संध्याकाळी गाळणीचा कागद घेऊन गेल्या. तासाभराने परत आल्या त्या मास्क लावूनच. कारखान्याच्या हॉलपेक्षा आमच्या घरात तंतू जास्त आहेत. म्हणाल्या, आजच्या आज घर सोडा.

मी दाराआडून झोपायच्या खोलीकडे बोट दाखवलं. त्यांनी पिशवीतला एक मास्क काढून माझ्या हातात ठेवला.

हिला मास्क दिलाय. पण त्यात हिचा जीव गुदमरतो, चक्कर येते, ही काढून टाकते. मी काय करू? प्रत्येक श्वास हिचा एकटीचा नाही. दोघांचा आहे.

२२ फेब्रुवारी

सुचलं!

मास्तरांकडून त्यांचा पहिला तंबू मागून आणला. काय करणार, हे त्यांनी विचारलं आणि मी न थांबता निघून आलो, नाहीतर दिवस गेला असता. झोपायची खोली ओल्या फडक्याने तीनदा पुसली. पलंगाभोवती तंबू उघडला. सगळ्या शिवणी उसवून नव्याने घातल्या, दुहेरी दुमड, वर पट्टी, पट्टीवर आणखी पट्टी. पायाकडच्या बाजूला स्वच्छ प्लास्टिकची खिडकी ठेवली, म्हणजे हिला मी दिसेन. जोडून पंखा, गाळणी नवी कोरी, नळी मागच्या खिडकीतून बाहेर. लंबू मदतीला आला होता. कपाळ आपटून घेऊनच गेला.

पंखा लावला. भिंतींचं पोट सपकन आत गेलं. मी थाप मारून बघितली. एकाही बाजूला सैल नाही. एवढं सुंदर काम मी सर्कशीतही केलं नव्हतं.

ही आतून हसली. म्हणाली, सर्कशीतली सिंहीण झालेय मी तुमची. किती दिवसांनी हसली.

आज शांत झोप लागणार.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस आजी आल्या नाहीत, असं ही म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत बसून असतो. जेवणाचं ताट नेताना अंघोळ, स्वच्छ कपडे, दोन पडदे. भिंती घट्ट आत. तासातासाने थाप मारतो.

हिला थोडा खोकला आलाय. पंख्याच्या वाऱ्याने असेल.

२५ फेब्रुवारी

सकाळी फट्.

स्वयंपाकघरात. मी धावलो. कोणी नाही. मागे वळलो तर आवाज बसायच्या खोलीत. मी ज्या खुर्चीत बसलो होतो, तिच्या मागे. कोणी नाही. फट्.

हिला खिडकीतून दिसतं. मला दिसत नाही आणि हिला दिसतं. ही म्हणाली, आजी आल्यात, तुमच्या शेजारीच उभ्या आहेत की! मुद्दाम आत येत नाहीत, म्हणतात, पोरीला त्रास नको, मी बाहेरच झटकते.

काय झटकतात, विचारलं. ही म्हणाली, तुमचा तो शर्ट.

शर्ट मी जाळला होता.

असू दे. झटकू दे काय झटकायचं ते. ही आत आहे. तंबू माझ्या हातचा आहे. एकाही टाक्यातून काही शिरायचं नाही. थाप मारून आलो. पोट आत. सगळं ठीक —

हिचा खोकला वाढलाय.

२६ फेब्रुवारी, सकाळ

आज पहाटेपासून. फट्. फट्. थांबत नाही. पंख्याचा आवाज, तो आवाज आणि हिचा खोकला.

पुढच्या खिडकीतून ऊन आलं. उन्हाचा पट्टा खोलीभर. त्यात धूळ दिसली. आवाज झाला की उठते, तरंगते — आणि मग सरकायला लागते. सगळी एकाच दिशेने. सावकाश, शिस्तीत. दारातून झोपायच्या खोलीत. मी तिच्या मागे मागे गेलो. तंबूच्या तळाशी, पडद्याच्या फटीशी, टाक्याटाक्याशी —

आत जातेय.

भिंतींचं पोट आत.

देवा.

कामावर विष आत असतं आणि माणसं बाहेर. म्हणून हवा आत ओढायची. इथे ही आत आहे. ही आत आहे आणि मी पंखा रोजच्यासारखा लावला. हाताच्या सवयीने. उलटा लावायचा होता, हवा आत ढकलायची होती, भिंती बाहेर फुगायला हव्या होत्या. एवढंच. लंबूही बघत होता, त्यालाही नाही कळलं, दोघांनी थापा मारल्या आणि खूश झालो.

चार दिवस. सगळ्या घराची हवा. तिने जे जे झटकलं ते सगळं, कण न् कण गोळा करून, हिच्या उशाशी.

मी. माझ्या हातांनी.

२६ — नंतर

पंखा बंद केला. तंबू फाडला. कात्री सापडेना, दातांनी शिवण तोडली. चांगली शिवली होती.

हिला उचलून पुढच्या खोलीत सतरंजीवर ठेवलं. खिडक्या उघड्या. भुवया पांढऱ्या झाल्यात. मी ओल्या फडक्याने पुसल्या. पुन्हा —

लंबू रुग्णवाहिका आणायला पळालाय. मास्तर आले, तंबू बघितला, पंखा बघितला. खाली बसून नुसते रडले. आता डॉक्टरीणबाईंना आणायला गेलेत. मी हिचं डोकं मांडीवर घेऊन बसलोय. लिहिलं नाही तर मी ओरडेन, आणि ओरडायचं नाही. एकदा ओरडलो होतो.

आवाज थांबलाय.

ही शांत आहे. खोकत नाही. ते बरं आहे. हिला सगळं सांगितलं, माझी चूक सांगितली. हिने माझे केस नीट केले. म्हणाली, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. त्याने जास्तच —

म्हणाली, सकाळपासून बाळाला उचकी लागलीय, हात लावून बघा.

लावला.

उचकी अशी नसते. उचकी एकसारखी असते. हे दोनदा, तीनदा येतं, जोरात, मग थांबतं. दम घेतं. मग पुन्हा. पोट आतून हलतं. मी कान लावला. शेजारून रोज ऐकतो तसं — म्हाताऱ्यासारखं — इतकंसं, पण —

खोकतंय.

अजून जन्मसुद्धा नाही झाला त्याचा.

हिला सांगितलं नाही. उचकीच आहे म्हणालो. गाडी कुठे राहिली? लंबू —

ही दाराकडे बघून हसतेय. मागच्या दाराकडे. तिथे कोणी नाही. कोणी नाही. ही मान डोलावते, हो हो म्हणते. मी विचारलं काय. म्हणाली, आजी किती काळजी करतात बघा. म्हणतात, आतल्या आत फार मळलंय गं तुझं लेकरू. घाबरू नकोस. बाहेर आलं की आधी माझ्या हातात दे, मी त्याला पायाला धरून चांगलं झट